मिलिंद, धम्मरक्खित आणि आपली नावे

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत. बी.ए.ला इतिहास आणि पाली हे विषय होते, त्यांची गोडी तेव्हा लागली ती सुटली नाही, इतकेच. रविवार-सुट्टीचा दिवस मिळाला की वाचनालयात जावे किंवा एखाद्या लेण्यात जावे, हा आमचा छंद. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता आपण हे चार शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

'नाव' हा विषय आम्ही का निवडला? कारण आमचा दिवस नावांतच जातो. आधार कार्डावर 'धोंडीराम', पासबुकावर 'धोंडिबा', आणि पेन्शनच्या कागदावर नुसतेच 'धोंडू'. समोर उभा असलेला माणूस एकच, पण नावात तफावत असली की संगणक पुढे सरकत नाही. मग केवायसी, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद हे सगळे आले. म्हातारा माणूस काकुळतीला येऊन म्हणतो, "साहेब, मीच आहे हो तो." आणि आम्हाला नियमाने सांगावे लागते की, बाबा, कागद आणा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्या अभ्यासवर्गातील एक विद्यार्थी मागच्या वर्षी आमच्याकडे आला. नोकरीसाठी मुलाखतीला गेला होता. त्याने नाव सांगितले, तर समोरच्याने विचारले, "पूर्ण नाव?" त्याने वडिलांचे नाव जोडून सांगितले. पुन्हा प्रश्न, "आडनाव काय?" हा प्रश्न कशासाठी विचारतात हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तो मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, आडनाव बदलून घेऊ का? आणि खरे सांगा, आपली ही सिद्धार्थ, मिलिंद नावे तरी आपली आहेत का? कॉलेजात एक जण म्हणाला, ही नावे तुम्ही पुस्तकातून उचललेली आहेत."

त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्याला दिलेले उशिराचे उत्तर समजा.

मित्रहो, दोन शेजारी समाजांत एकच किंवा सारखे नाव आढळले तर त्याची कारणे वेगवेगळी असतात. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून आम्ही त्यांची चार खाती पाडतो. पहिले खाते वारशाचे, दुसरे उसनवारीचे, तिसरे स्वीकाराचे आणि चौथे निव्वळ योगायोगाचे. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली की हिशेब चुकतो. नावांच्या बाबतीत बहुतेक वाद याच चुकीमुळे होतात.

प्रथम वारसा. आपल्याकडे देवदत्त हे नाव प्राचीन आहे. 'दत्त' म्हणजे दिलेला. इराणात 'मिथ्रदात' हे नाव होते, म्हणजे मिथ्राने दिलेला. पार्थियाच्या अनेक राजांनी ते धारण केले. बॅक्ट्रियात स्वतंत्र ग्रीक राज्य स्थापन करणाऱ्या राजाचे नाव होते दिओदोतोस, म्हणजे झ्यूसने दिलेला. दत्त, दात, दोतोस. ग्रीकांनी हा शब्द आपल्याकडून घेतला नाही की आपण त्यांच्याकडून घेतला नाही. या तिन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या मुली आहेत आणि 'देणे' या अर्थाचा मूळ धातू तिघींनाही माहेराहून मिळालेला आहे. 'झ्यूस' आणि वेदांतील 'द्यौस्' यांचेही तसेच नाते आहे.

नाव किती चिवट असते याचा एक पुरावा तुर्कस्तानात सापडला. तेथील बोगाझकोय या ठिकाणी हित्ती राजांच्या दप्तरातील मातीच्या विटा मिळाल्या. त्यांत इ.स.पू. चौदाव्या शतकात हित्ती आणि मितन्नी या दोन राज्यांत झालेला तह आहे. त्या तहाला साक्षी म्हणून मितन्नीच्या बाजूने मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावे घेतली आहेत. मितन्नीच्या एका राजाचे नाव तुश्रत्त. अभ्यासक त्याचे मूळ रूप 'त्वेषरथ' असे मानतात. लक्षात घेण्यासारखे हे, की त्या राज्यातील लोकांची बोलण्याची भाषा हुर्री होती आणि ती आपल्या भाषांशी संबंधित नाही. राजघराण्याची मूळ भाषा मागे पडली, पण नावे राहिली. भाषा जाते, नाव उरते.

आता दुसरे खाते, उसनवारीचे. येथे आपला मिलिंद येतो.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मेनान्द्रोस नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. त्याची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असे आहे. 'त्राता' हे ग्रीक 'सोतेर' या बिरुदाचे भाषांतर. म्हणजे बिरुदाचे भाषांतर केले, पण नावाचे केले नाही. ते तसेच उच्चारले. पाली ग्रंथात तोच राजा 'मिलिंद' म्हणून येतो. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे पाकिस्तानातील सियालकोट असे मानतात. भदंत नागसेनांशी त्याने केलेली प्रश्नोत्तरे म्हणजेच 'मिलिंदपञ्ह'.

मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला? 'न'चा 'ल' आणि 'ल'चा 'न' होणे हे आपल्या भाषांना नवीन नाही. संस्कृतातील 'लांगल' आपल्या शेतात येऊन 'नांगर' झाला. कोणी निंब म्हणतो, कोणी लिंब. त्या नावात दोन अनुनासिके जवळजवळ आली होती, त्यांतले पहिले 'ल' झाले. शेवट 'इंद' असा झाला, कारण महिंद, नरिंद अशी नावे कानावर असलेल्या माणसाच्या जिभेला ते वळण सोपे. गंमत अशी की, मेनान्द्रोस या नावाचा उत्तरार्ध म्हणजे ग्रीक भाषेतील 'पुरुष' हा शब्द, आणि तो आपल्या 'नृ', 'नर' यांचाच भाऊबंद आहे. उसने आणलेल्या नावातही वारशाचा एक तुकडा दडलेला होता.

त्याच ग्रंथात राजाच्या सोबतीच्या यवनांची नावे येतात. एक देवमंतिय, दुसरा अनंतकाय. वाटतात की नाही अस्सल भारतीय? पण अभ्यासकांच्या मते देवमंतिय म्हणजे देमेत्रियोस आणि अनंतकाय म्हणजे अंतिओखोस. परके नाव कानाला पटेल असे करून घेण्याची ही आपली जुनी रीत. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे आहेत. त्यांत अंतियोक आहे, तुरमाय म्हणजे टॉलेमी आहे, अलिकसुदर म्हणजे अलेक्झांडर आहे. उलट बाजूनेही तेच. कंदाहारला १९५८ साली अशोकाचा ग्रीक आणि अरमाईक भाषांतील लेख सापडला. त्यातील ग्रीक भागात आपला पियदसी 'पिओदास्सेस' झाला आहे. अलेक्झांडरचे नाव पुढे अरबी-फारसीच्या वाटेने फिरून 'सिकंदर' म्हणून महाराष्ट्रातील घराघरांत आले. ही सगळी मंडळी आमच्या काउंटरवर आली असती तर एकाचेही केवायसी झाले नसते!

तिसरे खाते स्वीकाराचे. आमच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याचा पुरावा पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथे तो दगडावर कोरलेला आहे.

कार्ल्याच्या महाचैत्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा लागतात. त्यांतील काही खांब यवनांनी दान दिले आहेत. हे यवन धेनुकाकट या गावचे. त्यांतल्या एकाचे नाव 'सिहधय' आहे आणि दुसऱ्याचे नाव आहे 'धंम'. यवनाचे नाव धम्म! जुन्नरला तीन यवनांची दाने आहेत. एकाचे नाव इरिल. हे नाव आपल्याकडचे नाही हे ऐकताच कळते. त्याने पाण्याची दोन टाकी दिली. दुसऱ्याचे नाव चिट, त्याने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला. तिसऱ्याचे नाव चंद. एकाच गावाच्या डोंगरात एक यवन आपले जुने नाव सांभाळून आहे आणि दुसऱ्याचे नाव चंद झाले आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरा क्रमांकाचे लेणे पाहा. ते कोरवणारा स्वतःची ओळख देतो, ती अशी: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी, योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. आपला मुलगा धम्मरक्खित याच्यासह त्याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिले. तीन पिढ्या पाहा. आजोबा धम्मदेव, मुलगा इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्खित. पहिल्या आणि तिसऱ्या नावात धम्म आहे, मधल्या नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव आहेत. आणि तरीही तो 'मी योनक आहे' हे लपवीत नाही. दगडावर कोरून ठेवतो.

सिंहली परंपरा सांगते की, अशोकाच्या काळी पाटलीपुत्राच्या संगीतीनंतर निरनिराळ्या देशांत स्थविर पाठवण्यात आले. त्यांत अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, जो स्थविर आला त्याचे नाव 'योन धम्मरक्खित' असे दिले आहे. म्हणजे या परंपरेनुसार कोकणाला धम्म सांगणारा माणूस यवन होता, आणि त्याचे नाव होते 'धम्माने रक्षिलेला'. त्याच अपरान्तातील सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत.

शकांचेही असेच झाले. क्षत्रप नहपान हे नाव इराणी वळणाचे. त्याच्या मुलीचे नाव मात्र दक्षमित्रा. जावयाच्या वडिलांचे नाव दिनीक, आणि जावयाचे नाव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. उज्जैनच्या क्षत्रपांत चष्टनाच्या वडिलांचे नाव तर आपल्या ब्राह्मी लिपीत लिहिताही येईना. त्यातील सुरुवातीचा 'झ' दाखवायला अक्षर नव्हते, म्हणून लेखकांनी 'य' आणि 'स' जोडून 'य्सामोतिक' असे लिहिले. त्याचा मुलगा चष्टन, नातू जयदामन, पणतू रुद्रदामन. चार पिढ्यांत नावाचा पूर्ण कायापालट झाला.

याच रुद्रदामनाचा गिरनारचा लेख इ.स. १५०च्या सुमाराचा आहे. सुदर्शन तलावाचा बांध वादळात फुटला आणि पुन्हा बांधला, त्याची ही हकीकत. त्यात अशोकाच्या वतीने तेथे कारभार पाहणाऱ्याचे नाव दिले आहे, 'यवनराज तुषास्फ'. म्हणवतो यवन, पण नाव इराणी. शेवटचा 'अस्फ' म्हणजे इराणी 'अस्प', आपला 'अश्व'. आणि बांध पुन्हा बांधून काढणारा अमात्य कोण? जातीने पल्हव, कुलैपाचा मुलगा, नाव सुविशाख! आता सांगा, नावावरून रक्त कसे ओळखायचे? तुषास्फ हा यवन ऐकून आपण फसतो आणि सुविशाख हे नाव ऐकूनही फसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. त्या काळी सगळे समान होते, जात नव्हती, असे कोणी समजू नये. त्याच नाशिकच्या डोंगरात तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती करताना म्हटले आहे की, त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला. पण कान्हेरीचा लेख काय सांगतो? वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. तो महाक्षत्रप रुद्रदामन असे अभ्यासक मानतात. म्हणजे नाशिकच्या लेखात संकर थांबवल्याचा अभिमान, आणि त्याच घराण्यात शकाची मुलगी सून म्हणून आलेली. बोलणे एक आणि व्यवहार दुसरा, ही आपल्या देशाची जुनी खोड आहे.

आता चौथे खाते, योगायोगाचे. हे खाते आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मिसरचा राजा रामसेस म्हणजे आपला राम, असे सांगणारे लोक आपण ऐकले असतील. ते खरे नाही. त्या नावातील 'रा' हा मिसरचा सूर्यदेव आणि पूर्ण नावाचा अर्थ 'रा देवाने ज्याला जन्म दिला तो' असा आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते भाऊ होत नाहीत. इतरांवर हसण्यापूर्वी आपल्या घरातले उदाहरणही पाहू. 'मिलिंद' हा संस्कृतात आणि मराठीत भुंग्यासाठीही शब्द आहे. महाराष्ट्रात अनेक घरांत मुलाचे नाव मिलिंद ठेवतात ते त्या भुंग्यावरून. आपल्या घरात ठेवतात ते राजा मिलिंदावरून. नाव तेच, अक्षरे तीच, पण खाती दोन. तेव्हा कोणाचे नाव मिलिंद आहे म्हणून तो आपलाच, असे धरून चालू नये, आणि एखादे प्राचीन नाव आपल्या नावासारखे दिसले की लगेच 'हा आमचाच पूर्वज' असे व्यासपीठावरून सांगू नये. लेख कोठे आहे, कोणत्या काळचा आहे, आणि त्या भाषेत तो ध्वनी कसा बदलतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. असे केले नाही तर आपल्यात आणि बुवाबाजीत फरक काय राहिला?

मित्रहो, आता थोडे घरात येऊ.

आमच्या आजोबांचे नाव कचरू होते. त्यांच्या आधीची दोन भावंडे दगावली, म्हणून दृष्ट लागू नये, मृत्यूने याला हात लावू नये, अशा समजुतीने ते नाव ठेवले. दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा ही नावे इतर समाजांतही होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण एक फरक आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियमच दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सा वाटेल असे असावे. नावाला जोडायचे पदही ठरवून दिले. रक्षणाचा अर्थ क्षत्रियाच्या वाट्याला आणि दास्याचा अर्थ शूद्राच्या वाट्याला. इतरांच्या घरी कचरू हे नाव समजुतीने आले. आमच्या घरी ते समजुतीने आले तरी त्याच्या पाठीमागे लिहिलेला कायदा उभा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या कारणांत आमच्या आजोबांचे नावही आले, असे आम्ही समजतो.

आता तोच नियम मनात ठेवून लेण्यांकडे पाहा. मनुस्मृतीचा काळ आणि या लेण्यांचा काळ फार दूर नाहीत. पण लेण्यांत 'रक्षित' हे पद यवनाच्या मुलालाही लागले आहे. कल्याणच्या सोनाराचे नाव सामिदत्त आहे. त्याने कान्हेरीला पाण्याचे टाके दिले. धेनुकाकटच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव सिंहदत्त आहे आणि त्याने कार्ल्याच्या दाराचे काम दिले. त्याच कार्ल्याला सामी नावाच्या सुताराने दार घडवले. त्याने आपल्या वडिलांचे नावही कोरले, वेणुवास. नाशिकच्या आठव्या लेण्यात मुगूदास नावाच्या दासकाने, म्हणजे अभ्यासकांच्या मते कोळ्याने, सहपरिवार लेणे दान केल्याचा लेख आहे. सुतार, सोनार, कोळी, यवन, शकाची मुलगी. राजाचे नाव ज्या डोंगरात, त्याच डोंगरात कोळ्याचे नाव. दोन हजार वर्षांत कोणी ते पुसू शकले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरी जो पहिला मुलगा जन्मला, त्याचे नाव याच कचरू आजोबांनी मिलिंद ठेवले. ते आमचे धाकटे काका. आजोबांना मेनान्द्रोस ठाऊक नव्हता, पाली येत नव्हती, सहीच्या जागी ते अंगठा लावीत. त्यांना एवढेच ठाऊक होते की, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी १९५० साली जे महाविद्यालय सुरू केले ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला, याचा अर्थ आजोबांना कोणी सांगितला असेल की नाही कोण जाणे. पण कचरू नावाच्या माणसाने आपल्या मुलाला एका प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, ही गोष्ट आमच्या दृष्टीने कोणत्याही शिलालेखाइतकी मोठी आहे.

'पुस्तकातून उचललेली नावे' असे म्हणणाऱ्याला म्हणूनच उत्तर आहे. होय, ही नावे आम्ही घेतलेली आहेत. इंद्राग्निदत्तानेही घेतले होते. सुविशाखानेही घेतले होते. जन्माने मिळालेले नाव जितके खरे, तितकेच समजून-उमजून घेतलेले नावही खरे असते. नाव रक्त सांगत नाही. माणसाने कोणाशी नाते जोडले, हे ते सांगते.

आणि मिलिंद राजाची पहिली चर्चा तरी कशावर झाली? नावावरच! राजाने विचारले, भदंत, आपले नाव काय? भदंत म्हणाले, सोबती मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन, सूरसेन, वीरसेन, सीहसेन अशी नावे ठेवतात. पण ते केवळ ओळखण्यासाठी लावलेले नाव आहे, त्या नावाच्या आत कोणी कायमचा 'पुद्गल' सापडत नाही. राजाला हे पटेना, तेव्हा त्यांनी रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, सर्व जुळून आले की त्याला रथ म्हणतात. जे आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवतात, त्यांनी चाक पाहून रथाची किंमत केली, असेच म्हणावे लागेल.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. आडनाव बदलू का? बाळा, कायदा तुला तो अधिकार देतो. प्रतिज्ञापत्र कर, राजपत्रात प्रसिद्ध कर, आणि बँकेत आमच्याकडे ये, आम्ही नोंद करून घेऊ. त्यात काही पाप नाही. तुझ्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण नोकरी तुला हवी आहे आणि भूक उपदेशाने भागत नाही. पण एक गोष्ट सांगतो. वायव्येकडील स्वात खोऱ्यात एका ग्रीक अधिकाऱ्याने भगवान बुद्धांच्या अस्थी प्रतिष्ठापित केल्या, त्या पात्रावर त्याने आपले नाव 'थेउदोर' असेच ठेवले. थेओदोरोस, म्हणजे देवाची देणगी. इंद्राग्निदत्ताने नाव नवे घेतले, थेउदोराने जुने ठेवले. दोघांनाही लाज वाटत नव्हती. तू बदललेस तर इंद्राग्निदत्तासारखे बदल, मी कोठून आलो हे सांगून. लाजेने बदललेस तर नवे आडनाव विचारणाराही उद्या पुन्हा विचारील, "मूळ आडनाव काय?"

लेण्यांतील लेख वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. प्रथम गाव, मग धंदा, मग नाव येते, आणि शेवटी एक शब्द येतो, 'दानं' किंवा 'देयधंम'. त्या शेवटच्या शब्दासाठीच तर नाव कोरलेले आहे. खांब दिला नसता, टाके दिले नसते, तर इरिल कोण आणि सामी कोण, हे कोणी विचारले नसते.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम सांगतो आणि थांबतो. येत्या सुट्टीत जुन्नर, कार्ले किंवा नाशिकला वही घेऊन जा. आणि त्याआधी घरी आजी-आजोबांजवळ बसून आपल्या चार पिढ्यांतील स्त्री-पुरुषांची नावे लिहून काढा. कचरू असेल तर कचरूच लिहा, सुधारून लिहू नका. पणजीचे नाव बहुधा कोणाला आठवणार नाही; ते शोधा. नाव कोणी ठेवले, का ठेवले, आणि कोणत्या पिढीत बदलले, हे शेजारी लिहा. त्या वह्या संस्थेच्या वाचनालयात जमा करू. आपल्या आजोबांना दगडावर नाव कोरता आले नाही. निदान कागदावर तरी ते राहू द्या.



नमो बुद्धाय! जयभीम!